व्यसन सुटलंय, एडीएचडी आहे: औषध कसं घ्यावं, घरात कसं ठेवावं

दारू, गांजा किंवा झोपेच्या गोळ्या सुटल्या, दोन-तीन महिने झाले, घरचे निर्धास्त झाले, तरी डोकं जागेवर बसत नाही असं अनेकांना जाणवतं. वीजबिल हातात असून भरायचं राहतं. नागपुरात बर्डीच्या बाजारात एका कामासाठी गेलेला माणूस भलतंच काही करून परत येतो. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपण बोलून मोकळे होतो आणि मग दिवसभर ते खात राहतो. याला 'अजून सुधारला नाही' म्हणतात, पण हा मोठ्या वयातला एडीएचडी असू शकतो, म्हणजे लक्ष न टिकणं, चंचलता आणि उतावळेपणा ही लहानपणापासूनची अडचण. व्यसनाच्या उपचारांना येणाऱ्यांमध्ये साधारण पाचात एकाला तो असतो. मेंदूतल्या डोपामिनच्या, म्हणजे हुरूप आणि बरं वाटणं देणाऱ्या रसायनाच्या, कारभारात मुळातच अडचण असल्याने काम सुरू करणं आणि स्वतःला आवरणं दोन्ही जड जातं. मग जे चटकन बरं वाटायला लावतं, ते हाताशी येतं.

अशा माणसाच्या बाबतीत दोन चुका सर्रास होतात. एक, डॉक्टरांपासून व्यसनाचा इतिहास लपवला जातो, कारण 'सांगितलं तर गोळी मिळणार नाही' ही भीती असते. दुसरी, घरचे किंवा कधी डॉक्टरही म्हणतात, 'याला आयुष्यात कुठलीच गोळी नको.' दोन्हींत नुकसान रुग्णाचंच होतं. उपचार न झालेला एडीएचडी परत व्यसनाकडे ढकलतो, आणि लपवून घेतलेलं औषध चुकीच्या प्रकारचं, चुकीच्या हातात जाऊ शकतं. ठरवायचं असतं ते एवढं: कोणतं औषध, एका वेळी किती दिवसांचं, आणि गोळ्यांचा डबा कोणाकडे.

सुरुवात कुठून

रोज दारू घेणाऱ्याने किंवा रोज अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्या घेणाऱ्याने घरच्या घरी एका झटक्यात बंद करू नये. दारू थांबवल्यावर पहिल्या ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. २ ते ४ दिवसांच्या आसपास भ्रम, थरथर, घाम, ताप अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायचे. एडीएचडीचा विचार त्यानंतर, पण फार लांबवायचा नाही. 'आधी वर्षभर कोरडा राहा, मग बघू' हा सल्ला जुना झाला. आता दोन्हींवर सोबतच उपचार करतात.

निदानाला थोडा अवकाश मात्र द्यावा लागतो. गांजा, दारू आणि झोपेच्या गोळ्यांनी लक्ष आणि स्मरण मंदावतं, आणि सोडल्यावर काही आठवडे चिडचिड नि अस्वस्थता राहते. हे सगळं एडीएचडीसारखंच दिसतं. म्हणून डॉक्टर दोन गोष्टी बघतात: लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधी होती का, आणि नशा नसलेल्या काळातही होती का. प्रौढांमध्ये लक्ष न लागण्याची किंवा चंचलतेची किमान ५ लक्षणं, घर आणि काम अशा दोन ठिकाणी तरी, असा निकष आहे. मोबाइलवरची १८ प्रश्नांची चाचणी भरली तर ती फक्त पुढे तपासायची गरज आहे का ते सांगते, निदान करत नाही. थायरॉइड, रक्तक्षय, झोपेत श्वास अडकणं, उदासपणा आणि द्विध्रुवी (बायपोलर) आजार, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी खोल उदासी, हेही तपासले जावेत. द्विध्रुवी आजार असताना तो न ओळखता उत्तेजक औषध दिलं, तर माणूस भडकू शकतो.

पहिल्या भेटीला काय न्यायचं

प्रगतीपुस्तकं. माळ्यावरच्या पेटीत असतात, शोधा. गुणांपेक्षा शिक्षकांचे शेरे कामाचे: 'हुशार आहे पण लक्ष देत नाही', 'जागेवर बसत नाही', 'वह्या अपूर्ण'. ती नसतील तर आई, मोठी बहीण किंवा काका यांपैकी कोणाला तरी सोबत न्या. लहानपणीचं स्वतःला आठवत नाही, त्यांना आठवतं. मुलींच्या बाबतीत हे जास्त लागतं. त्यांची चंचलता बाहेर दिसत नाही, मनातच भरकटणं असतं, आणि शाळेने ते 'शांत मुलगी' म्हणून सोडून दिलेलं असतं.

सोबत एक कागद. त्यावर नशेचं एकेक नाव, कोणत्या वयात सुरू, जास्तीत जास्त किती, शेवटची तारीख. खर्रा (तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण), सिगारेट, खोकल्याचं औषध, वेदनेच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या सगळं लिहा. मग सध्या चालू असलेली औषधं, काढे आणि अरिष्टांसकट. मग हे चार प्रश्न, ज्यांची उत्तरं औषध निवडताना लागतात: कधी फिट आली का? कधी कावीळ झाली का? चक्कर येऊन पडलात किंवा छातीत धडधड झाली का? घरात कोणी तरुणपणी हृदयविकाराने अचानक गेलं का? काचबिंदूचा त्रास असेल तर तेही. जाण्याआधी तीन दिवस सकाळी बसून बीपी आणि नाडी मोजून लिहा.

आत गेल्यावर पहिल्याच मिनिटाला सांगायचं वाक्य ठरवून ठेवा, कारण एडीएचडीत मुद्द्याचं शेवटी आठवतं आणि तोवर दार उघडलेलं असतं. साधं असू द्या: 'डॉक्टर, मी इतके महिने दारू सोडली आहे. लक्ष लागत नाही म्हणून आलो. व्यसन लागणार नाही असं औषध आधी बघू या, आणि डबा बायकोकडे राहील.' एवढं म्हणालात की समोरचा डॉक्टर तुमच्या बाजूने विचार करू लागतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार तुमची माहिती गोपनीय ठेवणं त्यांचं कर्तव्य आहे.

नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानचं एम्स या तिन्हींकडे मानसोपचार विभाग आहे, शिवाय प्रादेशिक मनोरुग्णालय. खासगी मानसोपचारतज्ज्ञ धंतोली आणि रामदासपेठेत सापडतात. सरकारी ओपीडी सकाळची, म्हणून आदल्या रात्री कागद, आधार कार्ड आणि पाण्याची बाटली एका पिशवीत भरून पिशवी दाराच्या कडीला अडकवा. 'सकाळी घेऊ' म्हटलं की राहिलंच.

औषधांचा विचार

व्यसनाचा इतिहास असलेल्या प्रौढासाठी बहुतेक वेळा पहिलं नाव ॲटोमॉक्सेटिनचं येतं. हे उत्तेजक नाही, त्याने किक बसत नाही, म्हणून त्याचा गैरवापर होत नाही. प्रौढांत नेहमीची सुरुवात ४० मिलिग्रामने, किमान ३ दिवसांनी ८० पर्यंत, आणि गरज पडली तर पुढे काही आठवड्यांनी १०० पर्यंत. त्याच्यावर जाऊ नये. बरेच डॉक्टर २५ ने सुरू करून सावकाश वाढवतात, आणि मळमळ सहन न होणाऱ्यांसाठी ते शहाणपणाचं आहे.

ते सोडून देण्याची दोन कारणं हमखास दिसतात. पहिलं, घाई. याचा परिणाम जाणवायला ४ ते ६ आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला कधी १२. ज्याच्या मेंदूला 'घेतलं की लगेच' अशी सवय आहे, त्याला दहाव्या दिवशी वाटतं की गोळी बेकार. म्हणून सुरुवातीलाच कॅलेंडरवर सहाव्या आठवड्याच्या रविवारी गोल करा आणि तोवर निकाल देऊ नका. दुसरं, मळमळ. रिकाम्या पोटी घेतली की जास्त होते. पोहे, पोळी, काहीतरी पोटात गेल्यावर घ्या, नुसत्या चहावर नाही. तोंड कोरडं पडणं, भूक कमी होणं, पुरुषांमध्ये लघवी अडखळणं आणि लैंगिक अडचण हेही होतं. हे शेवटचं कोणी आपणहून सांगत नाही, गुपचूप गोळी बंद करतात. सांगा, मात्रा कमी करता येते. कॅप्सूल उघडून पाण्यात टाकू नका, आतली पूड डोळ्यात गेली तर झोंबते.

लगेच डॉक्टर गाठायचे अशा खुणा: डोळे पिवळे, लघवी गडद, उजव्या बरगडीखाली दुखणं. यकृताला इजा क्वचितच होते, पण पूर्वी भरपूर दारू झालेल्या माणसाने हे लक्षात ठेवावं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी बोला. फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन सोबत चालू असेल तर ॲटोमॉक्सेटिन रक्तात जास्त साचतं आणि मात्रा खालीच ठेवावी लागते. उदासपणासाठी वेगळा डॉक्टर आणि एडीएचडीसाठी वेगळा, असं असेल तर दोन्ही चिठ्ठ्या एकमेकांना दाखवा.

दुसरा पर्याय बुप्रोपियॉन. उदासपणा आणि सिगारेट या दोन्हींत त्याचा उपयोग होतो आणि लक्षालाही काहींना मदत होते. पण फिट येण्याचा धोका वाढतो. आधी फिट आलेली असेल, जेवण टाळण्याचा किंवा ओकून काढण्याचा आजार असेल, किंवा दारू अथवा झोपेची गोळी एकदम बंद केलेली असेल, तर हे औषध नको. ट्रामाडॉल घेणाऱ्यानेही नको. म्हणूनच 'अधूनमधून पितो' हे लपवून बुप्रोपियॉन घेणं जिवाशी खेळणं आहे. याच्या सोबत ॲटोमॉक्सेटिन असेल तर तेही रक्तात वाढतं.

मग मिथाइलफेनिडेट. हे उत्तेजक आहे, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालच्या औषधांत मोडतं आणि परिणामकारक आहे. व्यसनाचा इतिहास म्हणून ते कायमचं बाद ठरत नाही. पहिल्या दोन औषधांनी भागलं नाही, नशा काही महिने थांबलेली आहे आणि घरात जबाबदार माणूस आहे, तर विचार करता येतो. फरक वेगाचा आहे. मेंदूत डोपामिन जितक्या झपाट्याने चढतं तितकी गोडी लागते. तोंडाने घेतलेलं, दिवसभर हळूहळू सुटणारं औषध त्या झपाट्याला लगाम घालतं. म्हणून ४ तासांची साधी गोळी मागू नका, लांब चालणारी मागा, आणि तिची चुरी करू नका. दारूसोबत घेतली तर रक्तातलं प्रमाण वाढतं. बीपी आणि नाडी सुरुवातीला, प्रत्येक मात्रा बदलताना आणि पुढे सहा महिन्यांनी बघायची. लघवीची तपासणी सांगितली तर अपमान मानू नका, त्यामुळेच डॉक्टरांना पुढची चिठ्ठी निर्धास्तपणे लिहिता येते. ही गोळी सगळ्या दुकानांत मिळत नाही, आधी फोन करा आणि मूळ चिठ्ठी न्या. ऑफिसातल्या मित्राला 'एक देऊन बघतो' हा गुन्हा आहे.

डायसल्फिरामचं वेगळं सांगायला हवं. दारू प्यायली तर त्रास होईल अशी ही गोळी, आणि शेवटच्या डोसनंतर दोन आठवड्यांपर्यंत तिचा असर राहतो. एडीएचडीवाला गोळी घेतल्याचं विसरतो आणि झटक्यात पेला उचलतो, म्हणून त्याच्या बाबतीत ती जास्त धोक्याची. चालू असेल तर अरिष्टं, आसवं आणि अल्कोहोल असलेली खोकल्याची औषधं बंद. आणि घरच्यांनो, ती भाजीत मिसळून गुपचूप देऊ नका. 'न कळत दारू सोडवा' अशा जाहिरातींवर जाऊ नका. न सांगता दिलेल्या गोळीने माणसाचं बीपी कोसळून जीव जाऊ शकतो, आणि वाचला तरी त्या घरावरचा विश्वास उडतो.

डबा कोणाकडे

सात खणांचा प्लॅस्टिकचा डबा औषधाच्या दुकानात मिळतो. रविवारी दुपारी जेवणानंतर दोघांनी मिळून भरा. पट्टीतून सात काढल्या, उरलेल्या मोजल्या, आकडा वहीत लिहिला, पट्टी कुलपात. चावी सांभाळणाऱ्याकडे. सात दिवसांचं औषध तुमच्या हातात, उरलेलं त्यांच्याकडे. मिथाइलफेनिडेट असेल तर आठवड्याऐवजी रोजची एक.

सांभाळणारा माणूस निवडताना जो सगळ्यात जास्त रागावतो तो नको. शांत हवा, घरी असणारा हवा, आणि स्वतः पीत नसेल तर बरं. त्याने काय बोलायचं तेही ठरवा. 'घेतली का?' दिवसातून एकदा, नाश्त्याच्या वेळी, बस. दिवसभर हाच प्रश्न चालू राहिला की गोळी भांडणाचं निमित्त होते. हरवलेल्या गोळ्यांसाठी नियम आधीच लिहून ठेवा: जादा पट्टी आणायची नाही, डॉक्टरांना कळवायचं. चुकलेल्या डोसची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन करायची नाही.

डबा स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नका. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिक्की भट्टी होते आणि कॅप्सूल मऊ पडून एकमेकींना चिकटतात. घरातही गॅसजवळचा आणि कूलरजवळच्या ओलाव्यातला कोपरा टाळा.

संध्याकाळचे तीन तास

सगळ्यात जपायचा वेळ सहा ते नऊ. सकाळी आठला घेतलेली लांब चालणारी मिथाइलफेनिडेट तेव्हा उतरू लागते. चिडचिड, थकवा, पोकळी. नेमक्या त्याच वेळी हिंगणा किंवा बुटीबोरीहून परतणाऱ्याच्या वाटेवर जुने मित्र, जुनं दुकान, पानठेला. बऱ्याच जणांना वाटतं की निश्चय कमी पडला. औषध उतरण्याची वेळ आणि तलफेची वेळ एकच असते, हे माहीत असलं तर उपाय सुचतो. ॲटोमॉक्सेटिन दिवसभर सारखं राहतं, हा त्याचा मोठा फायदा. मिथाइलफेनिडेटवर असाल तर उतरण्याच्या त्रासाबद्दल डॉक्टरांना सांगून वेळ बदलून घ्या.

साडेपाचला काहीतरी खा. चणे-फुटाणे, केळं, उसळ. औषधाने भूक दबलेली असते, दुपारचं जेवण राहिलेलं असतं, आणि उपाशी पोटाची तलफ दुप्पट असते. मेट्रोने येणाऱ्याने एक स्टेशन आधी उतरून दुसऱ्या गल्लीने घरी जावं, जुन्या दुकानावरून जाऊच नये. पगाराच्या दिवशी पैसे आपोआप घरखात्यात वळतील अशी बँकेत सोय करा, यूपीआयची रोजची मर्यादा खाली आणा. झटक्यात केलेला खर्च आणि झटक्यात घेतलेला घोट एकाच जातीचे. तलफ आली तर पंधरा मिनिटांचा गजर लावून काहीतरी हातांनी करा: भांडी, कपड्यांच्या घड्या, पाणी भरणं. तलफ चढते तशी उतरतेही.

सावजीचं जेवण, वरात, ३१ डिसेंबर, मारबतीनंतरची मित्रमंडळी: जाणार असाल तर स्वतःच्या गाडीने जा आणि निघण्याची वेळ घरी सांगून जा. जेवण वाढण्याआधीचा तास सगळ्यात वाईट, म्हणून थेट जेवणाच्या वेळी पोचा.

एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) सभेला तासभर एका जागी बसणं एडीएचडीवाल्याला जड जातं. चहा द्यायचं काम मागून घ्या, दाराजवळ बसा. तिथे कोणी म्हणालं की 'गोळी म्हणजे नशाच', तर वाद घालू नका आणि गोळी बंदही करू नका. सदस्यांनी डॉक्टरकी करू नये ही एएचीच भूमिका आहे.

खर्रा

दारू सोडलेल्यांपैकी कितीतरी जण खर्ऱ्यावर टिकून राहतात, आणि त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. निकोटीन आणि सुपारी दोन्ही मेंदूला जागं करतात. पन्नीतला खर्रा घोटत, गालात दाबून काम केलं की काम होतं, असं वाटतं ते खरंही आहे. एडीएचडीवाला स्वतःच स्वतःवर औषधोपचार करत असतो, फक्त औषध तोंडाच्या कॅन्सरचं आहे. एडीएचडीचं औषध स्थिर झालं की मगच खर्रा सोडायला घ्या, दोन्ही एका आठवड्यात नको.

२ मिलिग्रामची निकोटीन च्युइंगम चघळण्याची पद्धत चुकते म्हणून ती 'चालत नाही'. सावकाश चावा, जिभेला झिणझिण्या आल्या की थांबा, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा. झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावा. अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, त्याने निकोटीन शोषलं जात नाही. भराभर चघळून लाळ गिळली तर उचकी आणि जळजळ. तोंड तीन बोटांइतकंही उघडत नसेल, तर आधी दंतवैद्याला दाखवा, तुम्हाला च्युइंगमपेक्षा पॅच सोयीचा. सिगारेट सोडणाऱ्याने चहा-कॉफी निम्मी करावी, कारण धूर थांबला की तेवढंच कॅफिन शरीरात जास्त वेळ टिकतं आणि झोप उडते.

घसरलात तर

एक दिवस घेतली गेली, तर त्या दिवशी मिथाइलफेनिडेट घेऊ नका आणि डबा सांभाळणाऱ्याकडे द्या. ॲटोमॉक्सेटिन मनानेच कायमचं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. बुप्रोपियॉन चालू असताना भरपूर प्यायलात तर त्याच दिवशी फोन करा. अफू, हेरॉइन किंवा वेदनेच्या गोळ्यांचा इतिहास असेल तर जुनी मात्रा पुन्हा कधीही घेऊ नका. मधल्या काळात शरीराची सवय गेलेली असते, आणि पूर्वी पचणारी मात्रा आता श्वास थांबवते.

फिट, छातीत दुखणं, बेशुद्धी, श्वास मंदावणं: १०८. मन खचलं असेल तर टेलिमानस १४४१६, व्यसनासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. हे तीन आकडे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवा, कारण अशा रात्री मोबाइलमध्ये शोधायला डोकं चालत नाही. त्याच कागदावर डॉक्टरांच्या पुढच्या भेटीची तारीख लिहा, आणि घसरल्यावर ती तारीख अलीकडे आणून घ्या.